हार्ड डिस्कची विभागणी : लिनक्सच्या उभारणीपूर्वीची सिद्धता

विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आणला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ या प्रणालीस टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर आवश्यक असतो. इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर या अटीत बसत नाहीत. त्यामुळे शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि तालुक्याच्या कचेऱ्यांतून अन्यथा सुस्थितीत असलेल्या अनेक संगणकांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला आहे. यंत्र चालते, पडदा उजळतो, कळफलकही शाबूत असतो. केवळ प्रणाली जुनी झाली म्हणून ते निर्लेखित करणे सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने इष्ट नव्हे. अशा संगणकांवर लिनक्स बसविणे हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय होय.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रथम सर्वांसाठी खुला केला. पुढे त्याभोवती अनेक संस्थांनी व स्वयंसेवकांनी आपापली वितरणे रचली. भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाचे भारतीय भाषांना अनुकूल असे वितरण तयार केले. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणक शिक्षणाचा पायाच मुक्त प्रणालीवर घातला, तर केंद्र शासनाने २०१५ मध्ये खुल्या स्रोताच्या प्रणाली स्वीकारण्याविषयीचे धोरण जाहीर केले. तेव्हा हा मार्ग अपरिचित राहिलेला नाही.

लिनक्स बसविण्याचे काम आज बहुतांशी आपोआप होते. भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कोठली, असे प्रश्न पडद्यावर येतात आणि त्यांची उत्तरे चुकली तरी मागाहून सुधारता येतात. एकच पायरी अशी आहे की तेथे दिलेले चुकीचे उत्तर सहसा परत घेता येत नाही. ती पायरी म्हणजे हार्ड डिस्कची विभागणी. ग्रामसभांची इतिवृत्ते, नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीच्या प्रती, शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे मसुदे, झालेल्या कामांची छायाचित्रे हे सर्व त्याच डिस्कवर असते, आणि एका कळीच्या दाबाने ते नाहीसे होऊ शकते. म्हणून या एका पायरीचा विचार स्वतंत्रपणे करणे योग्य ठरेल.

डिस्क आणि तिचा नकाशा

हार्ड डिस्क म्हणजे लहान लहान घरांची एक लांबच लांब ओळ आहे, असे समजावे. या घराला सेक्टर म्हणतात. परंपरेने एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. बाजारात ५०० जीबी म्हणून मिळणाऱ्या डिस्कवर सामान्यतः ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर असतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. पण कोणत्या घरात काय ठेवले आहे, हे डिस्कला स्वतःला कळत नाही. ते कळण्यासाठी दोन प्रकारचे दप्तर लागते. डिस्कचे कोणते क्षेत्र कोठून कोठपर्यंत, हे सांगणारा विभाजन तक्ता हे पहिले. आणि त्या क्षेत्राच्या आत कोणती फाईल कोठे, हे सांगणारी फाईल-व्यवस्था हे दुसरे.

शेतजमिनीचे उदाहरण येथे चपखल बसते. विभाजन तक्ता म्हणजे गावनकाशावरील गटांच्या हद्दी होत. नकाशा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. पण कोणाचा बांध कोठे, हे सांगता येईनासे होते. फाईल-व्यवस्था म्हणजे त्या गटाच्या आत घातलेले वाफे आणि पाट. नवी फाईल-व्यवस्था घालणे, ज्याला सामान्य बोलीत फॉरमॅट करणे म्हणतात, हे जुने वाफे मोडून नवे आखण्यासारखे आहे. पहिल्या प्रकारची चूक बऱ्याचदा दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या चुकीतून सर्व काही परत मिळेल याची खात्री नसते.

येथेच एका नेहमीच्या शंकेचे निरसन केलेले बरे. डेडस्टॉक नोंदवहीत ५०० जीबी लिहिलेली डिस्क संगणकावर मात्र सुमारे ४६५ दाखविते, तेव्हा कमी क्षमतेचा माल पुरविला गेला की काय, असा संशय तपासणीच्या वेळी येऊ शकतो. वस्तुतः उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतो, तर अनेक संगणक प्रणाली १०२४ चा तीनदा गुणाकार करून, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटांचा एक जीबी मोजतात. माप निराळे, माल तोच. पुढील विवेचनातील आकडे या दुसऱ्या मापाने दिले आहेत.

जुना तक्ता आणि नवा तक्ता

विभाजन तक्ते दोन पद्धतींचे आढळतात. १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्याच सुमारास डॉस २.० बरोबर जुनी, म्हणजे एमबीआर पद्धत आली. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये हा तक्ता असतो. त्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, नंतरचे ६४ तक्त्यासाठी आणि शेवटचे २ ओळखचिन्हासाठी राखलेले असतात. एका विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागत असल्याने चौसष्टांत चारच नोंदी बसतात. म्हणून या पद्धतीत मुख्य विभाग चारच असू शकतात. अधिक हवे असल्यास चारांपैकी एक ‘विस्तारित’ विभाग करून त्याच्या पोटात उपविभाग पाडावे लागतात. लिनक्समध्ये अशा उपविभागांचे क्रमांक नेहमी पाचापासून सुरू होतात. दुसरी मर्यादा आकाराची. सेक्टरच्या क्रमांकासाठी ३२ द्विमान अंकांचीच जागा असल्याने ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ सेक्टरांपलीकडे मोजता येत नाही, आणि ५१२ बाइटांच्या हिशेबाने डिस्क २ टीबीच्या पुढे वापरता येत नाही. दहा एमबीच्या काळात ही मर्यादा कोणाला जाचली नसेल, यात नवल नाही.

नवी पद्धत जीपीटी या नावाने ओळखली जाते. तीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते आणि क्रमांकासाठी ६४ द्विमान अंक असतात. तथापि तिचा खरा गुण निराळाच आहे. या पद्धतीत तक्त्याची एक प्रत डिस्कच्या प्रारंभी व दुसरी अखेरीस ठेवली जाते, आणि प्रत्येक प्रतीबरोबर पडताळणीचा एक आकडाही असतो. पहिली प्रत बिघडली तर तो आकडा जुळत नाही आणि दुसरीवरून ती पूर्ववत करता येते. मूळ दस्त आणि त्याची दुय्यम प्रत निरनिराळ्या कपाटांत ठेवण्याची कचेरीतील रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या योजनेचे मोल सांगावयास नको.

कोणती पद्धत घ्यावी हे संगणक सुरू होण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. जुने संगणक बायोस पद्धतीने, तर सुमारे २०१२ नंतरचे बहुतेक संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. यूईएफआय असल्यास जीपीटी निवडावी. या पद्धतीस ईएसपी नावाचा एक लहानसा, फॅट३२ प्रकारचा विभाग लागतो. संगणकावरील प्रणालींना जागे करणारे कार्यक्रम त्यात असतात. लिनक्सचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू केला पाहिजे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विंडोज यूईएफआयने आणि पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला, तर दोन्ही प्रणाली एका यादीत दिसत नाहीत आणि लिनक्स बसलेच नाही असा भास होतो. पेनड्राइव्हवरून चालू झालेल्या लिनक्समध्ये ‘सिस’ या निर्देशिकेतील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाची निर्देशिका दिसली, तर नवी पद्धत चालू आहे असे निश्चित समजावे.

हात लावण्यापूर्वी

सर्वांत आधी राखीव प्रत. ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवणे म्हणजे घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकविणे होय. प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर लावून त्यातील चारदोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असे गृहीत धरू नये.

काय काय घ्यावयाचे याची यादीही विचारपूर्वक करावी लागते. ‘डॉक्युमेंट्स’ या कप्प्यातील मजकूर सर्वांना आठवतो. डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली, हिशेबाच्या कार्यक्रमाने स्वतःच्या कप्प्यात ठेवलेली माहिती, ब्राउझरमधील खुणा व संकेतशब्द यांचा मात्र विसर पडतो. मराठी कार्यालयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे कितीतरी मराठी दस्तऐवज श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत बांधलेले आहेत. टंक नसेल तर त्याच फायलीत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता दिसतो. हे टंक विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यात असतात. विंडोजचा विभाग पुसला की तेही जातात. म्हणून परवान्याच्या अटी पाहून टंकांच्या फायली जपून ठेवाव्यात, आणि शक्य असेल तेथे महत्त्वाचे दस्तऐवज विभागणीपूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. अंकीय स्वाक्षरीचे टोकन, छापयंत्र व स्कॅनर लिनक्सवर चालतात की नाही, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून आधीच पाहता येते. एखादे अत्यावश्यक काम विंडोजवाचून होत नसेल, तर ती प्रणाली ठेवूनच पुढचा विचार करावा.

दुसरी गोष्ट डिस्कच्या प्रकृतीची. आठदहा वर्षे फिरलेली डिस्क कितपत विश्वासार्ह आहे हे पाहण्यासाठी तिच्यातच ‘स्मार्ट’ नावाची स्वपरीक्षणाची सोय असते. लिनक्समधील ‘डिस्क्स’ हा सचित्र कार्यक्रम किंवा ‘स्मार्टसीटीएल’ हा आदेश तिचा अहवाल दाखवितो. त्यातील दोन आकडे पाहावेत. बदली घर देण्यात आलेल्या सेक्टरांची संख्या हा एक, आणि वाचता न आल्याने निर्णयार्थ प्रलंबित असलेल्या सेक्टरांची संख्या हा दुसरा. हे शून्य असतील तर ठीक. ते वाढत असतील तर त्या डिस्कवर नवी प्रणाली बसविण्याचे श्रम घेऊ नयेत; डिस्क बदलावी. फिरत्या डिस्कऐवजी लहानशी एसएसडी बसविली तर जुना संगणकही आश्चर्यकारक वेगाने चालू लागतो, आणि तिच्यावरील खर्च नव्या संगणकाच्या मानाने अल्पच असतो.

तिसरी गोष्ट वीज. अस्तित्वात असलेला विभाग लहान करताना किंवा सरकविताना हजारो फायली एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविल्या जातात. फिरत्या डिस्कवर हे काम कधी कधी काही तास चालते. मध्येच वीज गेली तर जुनी मांडणी मोडलेली आणि नवी अपुरी, अशी अवस्था होते. भारनियमनाची वेळ टाळावी आणि संगणक यूपीएसवर असावा. लॅपटॉप असल्यास त्याची बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

विंडोज शेजारी ठेवावयाची असल्यास

संपूर्ण डिस्क लिनक्सला देणे सर्वांत सोपे. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर नांदवावयाच्या असल्या तर मात्र सावधपणे पावले टाकावी लागतात. विंडोजचा विभाग लहान करण्याचे काम विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीनेच करावे. आपल्या घरातील सामान तिलाच नीट हलविता येते. मोकळी झालेली जागा तशीच ठेवावी, तीत विंडोजकडून नवा विभाग पाडू नये.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तीमुळे संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट निद्रिस्त राहते. अशा स्थितीत तिचा विभाग दुसऱ्या प्रणालीने हाताळल्यास फायली बिघडण्याचा संभव असतो. म्हणून ही सोय आधी बंद करावी. तसेच विभाग बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहावे. असल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती संकेत कागदावर उतरवून घ्यावा. त्याविना पुढे गेल्यास संगणक तो संकेत मागू लागतो आणि तो कोणाजवळच नसतो.

काही संगणकांत लिनक्सच्या कार्यक्रमाला डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडली असा तर्क करण्यापूर्वी संगणकाच्या मूळ मांडणीत डिस्कचा नियंत्रक ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ या पद्धतीवर ठेवलेला आहे का, हे तपासावे. तो ‘एएचसीआय’ केला म्हणजे डिस्क बहुधा दिसू लागते. परंतु विंडोजला आधी तयार न करता हा बदल केल्यास विंडोज सुरू होत नाही.

आणि ईएसपी. विंडोजबरोबर आलेला ईएसपी विभाग लिनक्सनेही वापरावयाचा असतो. तो नव्याने फॉरमॅट करावयाचा नसतो. उभारणीच्या पडद्यावर त्या विभागासमोरील ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे, हे दोनदा पाहावे. ती राहिली तर विंडोजच्या फायली डिस्कवर असूनही विंडोज जागी होण्याची वाट बंद होते.

जागेची वाटणी

विंडोजमध्ये प्रत्येक विभागाला सी, डी अशी अक्षरे मिळतात. लिनक्समध्ये असे नसते. तेथे एकच वृक्ष असतो, त्याचे मूळ ‘/’ या तिरक्या रेघेने दाखवितात, आणि निरनिराळे विभाग त्या वृक्षाच्या निरनिराळ्या फांद्यांच्या जागी जोडले जातात. कामकाज करणाऱ्याला आपण कोणत्या विभागात आहोत याचा पत्ताही लागत नाही.

शाळेतील किंवा पंचायतीतील ५०० जीबी डिस्कचा एक संगणक उदाहरणादाखल घेऊ. संपूर्ण डिस्क लिनक्सलाच द्यावयाची आहे. त्यात ईएसपीसाठी अर्धा जीबी, मूळ विभागासाठी ६० जीबी आणि स्वॅपसाठी ८ जीबी दिले, तर सुमारे ३९७ जीबी उरतात. हे सर्व ‘होम’ या फांदीस द्यावेत.

या मांडणीतील मर्म ‘होम’ वेगळे ठेवण्यात आहे. मूळ विभागात प्रणाली व कार्यक्रम असतात, तर ‘होम’मध्ये माणसांनी केलेले काम असते. प्रणाली पाचसहा वर्षांनी जुनी होते, बिघडते, कधी वितरणच बदलावेसे वाटते. अशा वेळी मूळ विभाग खुशाल पुसून नवी प्रणाली बसविता येते आणि ‘होम’ला धक्का लागत नाही. पुन्हा उभारणी करताना ‘होम’चा विभाग जोडावा, पण त्यापुढील फॉरमॅटची खूण करू नये, एवढेच पथ्य. सर्व काही एकाच विभागात ठेवण्याची सोपी सूचना उभारणीचा कार्यक्रम करतो, आणि घरगुती वापरासाठी ती वाईट नाही. पण सार्वजनिक दप्तराच्या संगणकावर ती स्वीकारू नये असेच म्हणावे लागेल. अर्थात वेगळा ‘होम’ म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्क एकच आहे. ती गेली तर दोन्ही विभाग जातात.

स्वॅप म्हणजे स्मृती अपुरी पडल्यास तिच्यातील मजकूर तात्पुरता उतरवून ठेवण्याची जागा. स्मृतीच्या दुप्पट स्वॅप असावा असा जुना ठोकताळा आहे. स्मृती काही एमबी असण्याच्या काळातील तो नियम आज शब्दशः पाळण्याचे कारण नाही. संगणक निद्रावस्थेत ठेवून काम जसेच्या तसे पुन्हा उघडावयाचे असल्यास स्वॅप स्मृतीइतका तरी असावा. नसल्यास ४ ते ८ जीबी पुरतात. उबुंटूसारखी वितरणे २०१७ पासून वेगळ्या विभागाऐवजी स्वॅपची एक फाईलच तयार करतात. तेही चालते.

विभागाची सुरुवात कोठे करावी हे आजची साधने स्वतःच ठरवितात, परंतु त्यामागील कारण जाणण्याजोगे आहे. जुन्या साधनांनी पाडलेला पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. आजच्या पुष्कळ डिस्क आतून ४०९६ बाइटांच्या, म्हणजे आठ जुन्या सेक्टरांच्या घरांनी बनलेल्या असतात. त्रेसष्टला आठाने भाग जात नाही. परिणामी प्रत्येक घर दोन घरांवर आडवे पडते आणि एक लिहिण्यासाठी दोन उघडावी लागतात. म्हणून आता पहिला विभाग २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबी अंतरावर सुरू होतो. जुन्या संगणकाचा जुनाच तक्ता पुढे चालवावयाचा असेल, तर ही तपासणी अवश्य करावी. मंद चालणाऱ्या डिस्कचे कारण कधी कधी तेवढेच असते.

फाईल-व्यवस्था

सर्वसाधारण कामासाठी ‘एक्स्ट४’ ही फाईल-व्यवस्था निवडावी. तिची पूर्वज ‘एक्स्ट२’ १९९३ ची. तीत वीज अचानक गेल्यास पुढच्या वेळी साऱ्या डिस्कची तपासणी करीत बसावे लागे. २००१ मध्ये आलेल्या ‘एक्स्ट३’ने हा त्रास पुष्कळसा दूर केला, आणि तोही ज्या युक्तीने केला ती आपल्या हिशेबनिसांना नवी नाही. खतावणीत बदल करण्यापूर्वी रोजकीर्दीत नोंद करावयाची, हीच ती युक्ती. फायलींच्या मांडणीतील बदल आधी एका छोट्या कीर्दीत लिहिला जातो, मग मूळ जागी उतरविला जातो. मध्येच वीज गेली तर सुरू होताना प्रणाली कीर्द वाचते. पूर्ण झालेली नोंद खतावणीत नेते, अर्धवट राहिलेली सोडून देते. २००८ साली स्थिर झालेली ‘एक्स्ट४’ हीच पद्धत अधिक मोठ्या डिस्कसाठी चालविते. मात्र नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फायलींच्या मांडणीचीच नोंद होते, मजकुराची नव्हे. वीज गेल्यावर डिस्क सुखरूप राहील. त्या क्षणी टंकलिखित होत असलेला, न जतन केलेला परिच्छेद राहीलच असे नाही.

‘एक्स्ट४’ विभागाचा ५ टक्के भाग व्यवस्थापकासाठी राखून ठेवते, म्हणजे डिस्क गच्च भरली तरी प्रणालीला हालचालीस जागा उरते. मूळ विभागासाठी हे योग्यच आहे. ३९७ जीबीच्या ‘होम’मध्ये मात्र सुमारे २० जीबी विनाकारण अडतात. ‘ट्यून२एफएस’ या आदेशाने हे प्रमाण १ टक्क्यावर आणता येते. ‘एक्सएफएस’ ही मोठ्या सर्व्हरसाठी नावाजलेली व्यवस्था आहे; पण तिचा विभाग वाढविता येतो, लहान करता येत नाही, हे निवडण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. ‘बीटीआरएफएस’मध्ये डिस्कच्या तत्कालीन स्थितीचे चित्र जपून ठेवता येते व फेडोराने २०२० पासून आपल्या डेस्कटॉप आवृत्त्यांसाठी ती स्वीकारली आहे. सामान्य कार्यालयाने ‘एक्स्ट४’वर समाधान मानण्यात तोटा नाही.

कुलूप आणि किल्ली

लॅपटॉप चोरीस जाण्याचा किंवा डिस्क भंगारात विकली जाण्याचा धोका लक्षात घेता, नागरिकांची वैयक्तिक माहिती असलेला विभाग कुलूपबंद करणे चांगले. उभारणीच्या वेळीच ‘लक्स’ पद्धतीने हे करता येते. नंतर करणे जिकिरीचे असते. संगणक सुरू करताना संकेतवाक्य द्यावे लागते, आणि ते विसरल्यास मजकूर परत मिळविण्याचा कोणताही मागील दरवाजा नाही.

शासकीय व्यवहारात यातून एक अडचण संभवते. संकेतवाक्य ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली होते, आणि कपाटाच्या किल्ल्या देताना हा संकेत द्यावयाचा राहून जातो. ‘लक्स’मध्ये एकाच कुलपाला एकाहून अधिक किल्ल्या करता येतात. दुसरे संकेतवाक्य मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात ठेवावे आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत त्याचा उल्लेख करावा. कुलपाची मूळ नोंद डिस्कवरील त्या विभागाच्या प्रारंभीच असते; ती बिघडली तर योग्य संकेतवाक्यही निरुपयोगी ठरते, म्हणून तिचीही प्रत वेगळी ठेवण्याची सोय आहे.

प्रत्यक्ष विभागणी

आता अखेरचा क्षण. सर्वांत मोठी चूक येथे होते, आणि ती म्हणजे चुकीची डिस्क निवडणे. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला ‘एसडीए’, दुसरीला ‘एसडीबी’ अशी नावे मिळतात; नव्या प्रकारच्या एसएसडीला ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारे नाव मिळते. ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने दिली जातात. काल जी ‘एसडीए’ होती ती आज पेनड्राइव्ह लावल्याने ‘एसडीबी’ होऊ शकते. म्हणून नावावर विसंबू नये. आकार, बनावट व अनुक्रमांक जुळवून पाहावेत. ‘एलएसबीएलके’ या आदेशाने हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. राखीव प्रत असलेली बाहेरची डिस्क तर उभारणीच्या वेळी काढूनच ठेवावी. जी जोडलेलीच नाही ती पुसली जाऊ शकत नाही.

साधनांच्या स्वभावातील फरकही जाणून घ्यावा. ‘एफडिस्क’ किंवा ‘जीपार्टेड’मध्ये केलेले बदल आधी केवळ स्मृतीत राहतात; ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिल्यावर अथवा हिरवी खूण दाबल्यावरच ते डिस्कवर उतरतात. तोवर बाहेर पडता येते. ‘पार्टेड’ हा आदेश मात्र प्रत्येक बदल तत्क्षणी लिहितो. पहिल्याची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर बसला की घात होतो. उभारणीचा सचित्र कार्यक्रमही बदल लिहिण्यापूर्वी त्यांची यादी दाखवितो. ती यादी वाचावी. शक्य तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

तक्ता चुकून पुसला गेलाच, तर पहिला नियम असा की त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये, पुन्हा फॉरमॅट तर मुळीच करू नये. संगणक बंद करावा आणि पेनड्राइव्हवरील लिनक्समधून ‘टेस्टडिस्क’ हा कार्यक्रम चालवावा. तो डिस्क धुंडाळून जुन्या हद्दींच्या खुणा शोधतो आणि त्यांवरून तक्ता पुन्हा मांडतो. फिरत्या डिस्कवर यश येण्याचा संभव पुष्कळ असतो. एसएसडीवर मात्र मोकळी झालेली जागा प्रणालीने कळविताच आतून पुसली जाते, आणि मग शोधण्यासारखे काही उरत नाही.

उभारणी झाल्यावर

कोणता विभाग कोठे जोडावयाचा, याची यादी लिनक्स ‘एफएसटॅब’ नावाच्या फायलीत ठेवते. तीत विभागांची ओळख ‘एसडीए’ अशा बदलत्या नावांऐवजी यूयूआयडी या लांबलचक पण कायम क्रमांकाने असावी; आजची वितरणे तसेच करतात. मजकुरासाठी दुसरी डिस्क जोडली असेल तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घालावा. तसे न केल्यास ती डिस्क एखाद्या दिवशी काढली असता संगणक तिची वाट पाहत अडून बसतो. एसएसडी असल्यास ‘एफएसट्रिम’ची साप्ताहिक सोय चालू आहे ना, हेही पाहावे.

संगणक दोनदा बंद करून सुरू करावा. विंडोज ठेवली असल्यास तीही एकदा उघडून तिच्या फायली पाहाव्यात. मग राखीव प्रतीतील मजकूर ‘होम’मध्ये उतरवावा आणि जुन्या टंकांतील दोनतीन दस्तऐवज उघडून अक्षरे नीट दिसतात याची खात्री करून घ्यावी. ‘एसएफडिस्क’ या आदेशाने विभाजन तक्त्याची नक्कल एका साध्या फायलीत उतरविता येते. ती पेनड्राइव्हवर ठेवावी आणि छापून, डिस्कचा अनुक्रमांक व दिनांक लिहून, संगणकाच्या नस्तीत लावावी. राखीव प्रत मात्र लगेच पुसू नये. पंचायतीत ती चालू वर्षाचे लेखापरीक्षण होईपर्यंत, शाळेत वार्षिक निकाल व दाखले यांचे काम संपेपर्यंत, चिठ्ठी चिकटवून कपाटात बाजूला ठेवावी.